खाशाबांना हरवणारा तो 'रशियन' कोण होता? (कॉकेशसचे पैलवान आणि त्यांची ओळख)

कोयनाकाठ

आमच्या कराड भागात खाशाबा जाधवांची हेलसिंकीची गोष्ट पोरासोरांना तोंडपाठ असते. १९५२ चं ऑलिंपिक. जपानच्या इशीशी झालेली दमछाक करणारी लढत, ती संपते न संपते तोच पुढच्या कुस्तीला उभं राहायचा हुकूम, मधली अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे म्हणून भांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नाही, आणि मग 'रशियाच्या रशीद'कडून हार. इशीला सोनं, रशीदला रौप्य, खाशाबांना कांस्य.

तालमीत असताना मी वस्तादांना विचारलं होतं, "रशियाच्या माणसाचं नाव रशीद कसं?" वस्ताद म्हणाले, "आधी शंभर बैठका मार, मग सांगतो." बैठका मारल्या, उत्तर काही मिळालं नाही.

पुढं नोकरीनं मला तीन वर्षं बाकूला नेलं, तेव्हा ते मिळालं. रशीद मम्मदबेयोव अझरबैजानी होता, बाकूचा. ते सोव्हिएत संघाचं पहिलंच ऑलिंपिक होतं आणि रशीद हा अझरबैजानचा पहिला ऑलिंपिक पदकविजेता. म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणि त्यांचं पहिलं पदक एकाच वजनगटात, एकाच स्पर्धेत, आणि त्या दोघांची कुस्तीही झालेली! हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सत्तर वर्षं आपण एका माणसाला चुकीच्या गावचा म्हणत आलो.

आणि हे तिथंच थांबलेलं नाही. टोकियोत रवी दहियाला अंतिम फेरीत ७-४ ने हरवणारा झौर उगुयेव आपल्या बातम्यांत 'रशियन' होता. तो दागेस्तानचा, आणि दागेस्तानातही कुमिक, म्हणजे तुर्की वळणाची भाषा बोलणारा. बजरंगला उपांत्य फेरीत हरवणारा हाजी अलियेव अझरबैजानचा. आपल्या मल्लांच्या वाटेत कॉकेशसचा, म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्यामधला, डोंगर वारंवार आडवा येतो आणि आपल्याला त्यातल्या माणसांची नावंही धड माहीत नाहीत.

दागेस्तान हे रशियातलं एक प्रजासत्ताक, कॅस्पियनच्या पश्चिम काठाला. अवार, दार्गिन, कुमिक, लेझ्गिन, लाक, ताबासारान, नोगाय अशा कितीतरी जमाती, भाषा तीसच्या वर. एका दरीतली भाषा पलीकडच्या दरीत कळत नाही, त्यामुळं आपापसात बोलायला रशियन. जवळजवळ सगळे मुसलमान, बहुतेक सुन्नी. १९९४ ते २००६ या काळात तिथं राज्य चालवायला १४ जणांचं मंडळ होतं, १४ जमातींचा एकेक माणूस. इतकं तोलूनमापून राहावं लागणाऱ्या प्रदेशात सगळ्यांना एकत्र टाळ्या वाजवायला लावणारी गोष्ट एकच, कुस्ती. मला यावर नीट बोलायचंय. कुणी त्या बाजूला राहिलेलं असेल तर लिहा.

कॅस्पियनची_लाट

मी राहिलेय! मखचकलाला, दागेस्तानच्या राजधानीत, सहा वर्षं, एमबीबीएस. आपल्याकडची बरीच मुलं तिथं शिकतात.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. भाजीवाल्या आजींनी विचारलं, "नात्सिया काय तुझी?" म्हणजे जमात कुठली. मी म्हटलं, भारतीय. त्या म्हणाल्या, ते दिसतंय गं, भारतीयांतली कुठली? मी म्हटलं, मराठी. तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं आणि दोन टोमॅटो जास्तीचे पिशवीत पडले. तिथं हा प्रश्न कुणालाही, कधीही विचारतात आणि त्यात वावगं काही नसतं. अवार का लाक, कुठल्या गावचा, कुणाचा नातू. आपल्याकडं "कुठले म्हणायचे तुम्ही?" विचारतात ना, अगदी तसं.

पण हाच मुलगा मॉस्कोला गेला की तो फक्त 'दागेस्तानी' होतो, आणि रशियन पोलिसाच्या नजरेत फक्त 'कॉकेशियन'. माझ्या वर्गातला एक लाक मुलगा म्हणायचा की मी घरी लाक, मखचकलात लाकच, मॉस्कोत दागेस्तानी, इस्तंबूलला गेलो की रशियन आणि मशिदीत गेलो की नुसता मुसलमान. पाचही खरं असल्याचं तो सांगायचा, आणि मला ते तेव्हा फारसं कळलं नव्हतं.

कुस्तीचं म्हणाल तर संध्याकाळी समुद्राकाठच्या वाळूत पोरं झोंबताना दिसायचीच. मोडलेले कान हा तिथं दागिना. ज्याचे कान मोडलेले त्याला बसमध्ये कुणी उगाच धक्का मारत नाही. आणि आमच्या कॉलेजचा अभिमान म्हणजे अली अलियेव. गुनिब भागातल्या चोख गावचा अवार. १९५९, ६१, ६२, ६६ आणि ६७ असा पाच वेळा जगज्जेता, दागेस्तानचा पहिला. ऑलिंपिक पदक मात्र त्याला कधीच मिळालं नाही. तो आमच्याच संस्थेत शिकून डॉक्टर झालेला. शरीरशास्त्राला दांडी मारली की सर त्याचं नाव घेऊन सुनवायचे.

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, पण एक शंका. यात 'मुसलमान' असण्याचा संबंध नक्की काय? डोंगरातली गरीब, कणखर माणसं कुस्तीत पुढं येतात, हरियाणातही येतात. धर्म कशाला आणायचा मध्ये? आपल्या राहुल आवारेला २०१९ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत हरवणारा लोमतात्झेही कॉकेशसचाच ना?

कोयनाकाठ

प्रश्नचिन्ह, लोमतात्झे कॉकेशसचाच, पण जॉर्जियाचा. जॉर्जियन बहुतांशी ख्रिश्चन. तुमचा मुद्दा त्यानं बळकटच होतो. दागेस्तानपासून फार लांब नसलेला उत्तर ओसेतिया घ्या. तिथले बहुसंख्य ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, थोडे मुसलमान, आणि त्या एवढ्याशा प्रदेशानं सोस्लान आंदियेव, माखारबेक खादार्त्सेव यांच्यासारखे दोन-दोन ऑलिंपिक सुवर्णांचे मानकरी दिले. तेव्हा इस्लाममुळं चांगले पैलवान होतात असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक.

कुस्ती तिथं इस्लामच्या आधीपासून, गावच्या पोटातली आहे. लग्नात कुस्ती, आणि वसंतात पहिलं तास घालायच्या सणाला कुस्ती. (नांगराच्या रेघेला आपण 'तास' म्हणतो, शहरातल्या वाचकांसाठी सांगतो.) शर्यती, कुस्त्या, मग मटणाचं जेवण. आपली जत्राच.

धर्म येतो तो वेगळ्या वाटेनं. तिथल्या लोकांच्या आठवणीत इमाम शामिल आहे. तो अवार होता, पण त्याच्या झेंड्याखाली अवार, चेचेन आणि बाकीचे कित्येक एकत्र लढले, पंचवीस वर्षं, झारच्या फौजांविरुद्ध. १८५९ मध्ये गुनिबच्या डोंगरावर त्यानं शरणागती पत्करली. जमातीजमातींना बांधणारा धागा तेव्हा धर्माचा होता. सोव्हिएत काळात मशिदी बंद झाल्या, मोठ्यानं शामिलचं नाव घेणंही अवघड झालं. अशा वेळी डोंगरी मर्दपणाची, इज्जतीची, गावाच्या नावाची भाषा बोलायला उघड जागा एकच उरली, ती मॅट. माझं म्हणणं एवढंच आहे की जे देवळात-मशिदीत आणि राजकारणात बोलायची मुभा नव्हती ते त्या लोकांनी कुस्तीत बोलून घेतलं. आणि राज्यकर्त्यांनी ते चालू दिलं, कारण पदक सोव्हिएत संघाला मिळत होतं.

लाल_माती_कोल्हापूर

वरच्या प्रतिसादाला कडक शड्डू!

आता मी ज्या माणसासाठी हा धागा वाचायला आलो त्याच्याबद्दल लिहितो. बुवैसार सैतियेव. माझ्या मते मॅटवरच्या फ्रीस्टाइलमध्ये असा पैलवान झाला नाही. ऑलिंपिक सुवर्ण १९९६, २००४, २००८. जागतिक सुवर्ण सहा. अंगानं काटकुळा, खांदे पडलेले, बघणाऱ्याला वाटावं हा आत्ता चितपट होणार. समोरचा पट काढायला आत शिरायचा आणि दुसऱ्या क्षणी तोच खाली असायचा. जोर कुठून आला ते कळायचंच नाही. आमच्या तालमीत त्याच्या कुस्त्या बघून बघून व्हिडिओची कॅसेट झिजली.

पण तो कोण होता हे मला फार उशिरा कळलं. तो चेचेन, पण चेचन्यातला नाही. दागेस्तानात, चेचन्याच्या सीमेजवळ खासाव्युर्त म्हणून शहर आहे, तिथला. त्या भागातल्या चेचेनांना आउख म्हणतात. २३ फेब्रुवारी १९४४ ला स्टालिननं चेचेन आणि इंगुश अशी जवळपास पाच लाख माणसं मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान आणि किर्गिझियाला पाठवली. आरोप काय, तर सगळी जमातच्या जमात शत्रूला सामील. वाटेत आणि पहिल्या हिवाळ्यांत किती मेले त्याला गणती नाही. आउख चेचेनांची रिकामी गावं लाक आणि अवार कुटुंबांना दिली, आणि त्या लाकांनाही डोंगरातून जबरदस्तीनंच खाली आणलेलं. १९५७ नंतर चेचेन परतले तर घरात दुसरेच राहत होते. मग त्यांतले पुष्कळ खासाव्युर्तला आणि आसपास वसले. त्या गावांचा वाद अजून मिटलेला नाही.

अशा शहरात चेचेन, अवार, कुमिक, लाक पोरं एकाच हॉलमध्ये एकमेकांना धरून घाम गाळतात. ज्याच्या आजोबाच्या घरात तुझे आजोबा राहायला आले त्याच्याच पोराबरोबर तुझी जोड लागते. एका शहरानं एवढे ऑलिंपिक विजेते का दिले याचं उत्तर लोक खुराकात आणि हवेत शोधतात. मला वाटतं उत्तर त्या जोडीत आहे. रोज जिंकण्याला तिथं वजन होतं.

आता तारखा बघा. डिसेंबर १९९४ ला पहिलं चेचेन युद्ध सुरू झालं, ग्रोझ्नी बेचिराख झालं. अटलांटाचं ऑलिंपिक ४ ऑगस्ट १९९६ ला संपलं, त्यात २१ वर्षांच्या या चेचेन पोरानं रशियाच्या जर्सीत सोनं जिंकलं. ६ ऑगस्टला चेचेन लढवय्ये ग्रोझ्नीत परत घुसले. ३१ ऑगस्टला युद्ध थांबवणारा करार झाला, आणि तो झाला कुठं? खासाव्युर्तला! त्याच्या गावात! त्या महिन्यात त्या पोराच्या मनात काय चाललं असेल याचा मी कित्येकदा विचार केलाय. ज्या फौजेनं आपल्या माणसांवर बॉम्ब टाकले तिचाच झेंडा आपल्यासाठी वर चढतोय.

२००० ला दुसरं युद्ध चालू असताना सिडनीत तो अमेरिकेच्या स्लेकडून हरला, सगळं जग चाट पडलं. त्याच स्पर्धेत त्याचा धाकटा भाऊ आदाम मात्र ८५ किलोत सोनं घेऊन आला. बुवैसारनं मग अथेन्स आणि बीजिंग दोन्ही मारली. मार्च २०२५ मध्ये तो गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. त्या दिवशी आमच्या तालमीत मॅटवर कुणी उतरलं नाही.

नकाशावेडी

लाल माती, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

पण मला एक विचारायचंय, आणि मनापासून विचारतेय. या सगळ्या कथेत बायका कुठं आहेत? घराण्याची इज्जत, गावाचं नाव, जमातीची ओळख, हे सगळं पुरुषांच्याच अंगावर का लिहिलं जातं? आपल्याकडं फोगट बहिणी आणि साक्षी मलिक झाल्या, तिथं?

कॅस्पियनची_लाट

नकाशावेडी ताई, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर चांगलं नाही. रशियाच्या महिला संघातल्या नावाजलेल्या मुली बहुतेक सायबेरिया, बुर्यातिया, याकुतिया आणि मॉस्कोच्या बाजूच्या. दागेस्तान-चेचन्यातून जवळपास कुणी नाही. माझ्या एका मैत्रिणीचे तिन्ही भाऊ हॉलवर जायचे. तिला ज्युदो शिकायचा होता, घरी विषयसुद्धा काढता आला नाही. चारचौघांत मुलीनं कुणाला धरणं म्हणजे शरमेची गोष्ट.

जुनी चाल मात्र अशी सांगतात की दोन पुरुष सुरे काढून भिडले आणि एखाद्या बाईनं मध्ये डोक्यावरचा रुमाल टाकला तर भांडण तिथंच थांबायचं. मैत्रीण हे अभिमानानं सांगायची. मी तिला म्हटलं, भांडण थांबवायला चालतेस, कुस्ती खेळायला नाही. ती गप्प झाली. मला अजून वाटतं मी तेव्हा तसं बोलायला नको होतं.

पश्चिमवारा

पॅरिस २०२४ चं कुणी लिहिलं कसं नाही? रशियाच्या मल्लांना तटस्थ म्हणून मोजक्या जागा दिल्या होत्या, त्यांच्या महासंघानं त्या नाकारल्या, म्हणजे रशिया नव्हताच. तरी पुरुषांच्या फ्रीस्टाइलच्या सहा सुवर्णांपैकी तीन दागेस्तानात वाढलेल्या पैलवानांनी नेली! ७४ किलोत राझमबेक झामालोव, उझबेकिस्तानकडून. ८६ ला मागोमेद रमझानोव, बल्गेरियाकडून. ९७ ला अहमद ताझुदिनोव, बहारीनकडून. आपल्या अमन सेहरावतनं उपउपांत्य फेरीत १२-० नं लोळवलेला अबाकारोव अल्बानियाचा म्हणून खेळला, मूळचा तोही त्याच डोंगरांतला.

मला हे खटकतं. एकीकडं जमात, गाव, इज्जत म्हणायचं आणि दुसरीकडं जो पासपोर्ट देईल त्याचा झेंडा खांद्यावर घ्यायचा.

लाल_माती_कोल्हापूर

पश्चिमवारा, मला नाही तसं वाटत. रशियाच्या संघात एका वजनाला एकच जागा. दागेस्तानात त्या एका जागेसाठी जगज्जेत्याच्या तोडीचे पाच-सहा पैलवान असतात. कित्येकदा त्यांची राष्ट्रीय स्पर्धा ऑलिंपिकपेक्षा अवघड. मग पाचव्यानं काय आयुष्यभर दुसऱ्याला सराव द्यायचा? २००८ ला सुशीलकुमारनं ६६ किलोत कांस्य जिंकलं ते आठवत असेल. त्याच गटात सोनं तुर्कस्तानच्या रमझान शाहीननं घेतलं. तो खासाव्युर्तचा चेचेन. लंडन २०१२ ला अझरबैजानला सोनं देणारा शरीफ शरीफोव दागेस्तानचा अवार. आपल्या दीपक पुनियाचे प्रशिक्षक होते ते मुराद गायदारोव, तेही दागेस्तानचे, आणि बीजिंगला बेलारूसकडून कांस्य जिंकलेले.

आणि झेंडा बदलला म्हणून गाव कुठं बदलतं? जिंकून सगळे घरीच येतात. गाव विचारतं, आमचा पोरगा जिंकला का. जर्सीचा रंग त्यांच्या लेखी भाड्याच्या घरासारखा.

कोयनाकाठ

लाल माती, यात एक भर. हे आजचं नाही. १८६४ मध्ये झारशाहीनं चेर्केसांना, म्हणजे वायव्य कॉकेशसच्या लोकांना, काळ्या समुद्रापलीकडं ऑटोमन मुलखात हाकललं. त्या विस्थापितांच्या वंशातले पुढं तुर्कस्तानचे नामांकित मल्ल झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता याशार दोउ चेर्केस वंशाचा. म्हणजे देश बदलणं त्यांनी आधी भोगलं, मग निवडलं.

तरी पश्चिमवाराची खंत मला समजते. झामालोव पॅरिसला जिंकला तेव्हा उझबेकी राष्ट्रगीत वाजलं. चेचेनांचं गीत कुठल्याच ऑलिंपिकमध्ये वाजणार नाही, अवारांचं नाही, कुमिकांचंही नाही. कुठला का होईना, दुसऱ्याचा झेंडा वर जाताना बघणं हेच त्यांच्या नशिबी.

नकाशावेडी

एमएमएचा, म्हणजे कुस्ती-बॉक्सिंग सगळं चालणाऱ्या मिश्र लढतींचा, लढवय्या हबीब नुर्मागोमेदोव याच्याबद्दल थोडं. माझा भाचा त्याचा भक्त आहे, त्याच्यामुळं मीही बघायला लागले. २९ लढती, २९ विजय, आणि २०२० मध्ये वडील गेल्यावर त्यानं निवृत्ती घेतली. तो त्सुमादा भागातला अवार, पण रिंगणात येताना डोक्यावर मेंढीच्या लोकरीची पापाखा. ती टोपी अवारांचीच नाही, सगळ्या डोंगराची. त्याचा जोडीदार इस्लाम मखाचेव लाक. जगभरच्या पोरांना आज 'दागेस्तान' हा शब्द माहीत झाला तो या दोघांमुळं.

पण याची दुसरी बाजूही लिहायला हवी. चेचन्यात रमझान कादिरोवनं हेच लढवय्येपण सत्तेच्या दिमतीला लावलं. २०१६ मध्ये स्वतःची आठ ते दहा वर्षांची मुलं पिंजऱ्यात उतरवली, टीव्हीवर दाखवली. फ्योदोर येमेलियानेंकोसारख्या नामवंत रशियन लढवय्यानं त्यावर उघड आक्षेप घेतला. लहान पोरांच्या अंगावर जमातीची इज्जत चढवणं मला क्रूर वाटतं, कुठल्याही देशात.

प्रश्नचिन्ह

माझी शंका फिटली, धन्यवाद. अवांतर: 'पैलवान' तिकडंही म्हणतात का? आपली कुस्ती आणि पैलवान दोन्ही फारसीतून आलेले.

कॅस्पियनची_लाट

म्हणतात, पण गंमत आहे. दागेस्तानात पेहलिवान म्हणजे दोरावर चालणारा! लाक लोकांचं त्सोव्क्रा नावाचं गाव त्यासाठी प्रसिद्ध, तिथं पिढ्यान्‌पिढ्या पोरंटोरं दोरावर चालायला शिकत आली.

कोयनाकाठ

अझरबैजानात मात्र पॅहलॅवान म्हणजे आपलाच पैलवान. कुस्तीला ते गुलॅश म्हणतात. जुन्या पद्धतीची कुस्ती झुर्ना आणि नगाऱ्याच्या तालावर चालते, आपल्या हलगीसारखी. बाकूत एका बागेत म्हाताऱ्या मंडळींबरोबर चहा पिताना मी खाशाबांची गोष्ट सांगितली होती. मोडक्या रशियनमध्ये, हातवारे करून. विश्रांती न देता लगेच उभं केलं, हे सांगताना माझा आवाज चढला असणार. एक आजोबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, मग ती कुस्ती परत व्हायला हवी होती. रशीदची बाजू त्यांनी एका शब्दानं घेतली नाही.

लाल_माती_कोल्हापूर

दादा, पुढच्या १५ जानेवारीला, खाशाबांच्या जयंतीला, आम्ही तालमीत पोरांना ही कुस्ती सांगणार आहोत. फळ्यावर दोघांची नावं लिहायची आहेत. त्याचं नाव नीट कसं लिहायचं ते सांगा. कुठं ममेदबेकोव दिसतं, कुठं मम्मदबेयोव.

कोयनाकाठ

ममेदबेकोव हे सोव्हिएत कागदांतलं रशियन रूप. त्याच्या भाषेत 'ॲ' हा स्वर पावलोपावली येतो. तो रशियनमध्ये नाही, हिंदीच्या लिपीतही नीट बसत नाही, पण आपल्याकडं 'ॲ' आहे. तेव्हा फळ्यावर असं लिहा: रॅशिद मॅम्मॅदबॅयोव, बाकू.